पंगत कोणाची? पंडिता रमाबाईंची अमेरिका आणि आपले स्वप्न

मराठी समीक्षेने काही पुस्तके डोक्यावर घेतली, काही पायदळी तुडविली. पण काही पुस्तकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ती नुसती बाजूला ठेवली गेली. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे 1889 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेले पुस्तक त्यांपैकी एक. मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास लिहिणारे त्याचा एका ओळीत उल्लेख करतात आणि पुढे सरकतात. ख्रिस्ती लेखक रमाबाईंच्या भक्तीचे आणि केडगावच्या मुक्तिसदनाचे गोडवे गातात. त्यांना या पुस्तकातील राजकीय रमाबाई नकोशा वाटतात. आणि आपण? आपण त्यांना 'उच्चवर्णीय विधवांची कैवारी' म्हणून एका खणात टाकून मोकळे झालो.

या तिन्ही वाचनांबद्दल माझी तक्रार आहे. एक मराठी बाई, जन्माने ब्राह्मण आणि निवडीने ख्रिस्ती, स्वतः एका गुलाम देशाची नागरिक, ज्या राष्ट्राच्या सुखस्वप्नाकडे सारे जग डोळे लावून बसले होते त्या राष्ट्रात जाते आणि त्या स्वप्नाची तपासणी करते. ही घटना लहान नाही. आज आपल्याही देशाला रोज नवे स्वप्न दाखविले जाते. महासत्तेचे स्वप्न, विकसित राष्ट्राचे स्वप्न, परदेशी नोकरीचे स्वप्न. अशा वेळी राष्ट्राचे स्वप्न तपासायचे कोणत्या मापाने, हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे. ख्रिस्ती दृष्टीने त्याला काय उत्तर दिले आणि ते उत्तर कोठे तोकडे पडले, हे पाहण्यासाठी मी हे पुस्तक हाती घेतले आहे.

एक

रमाबाईंचा तेथवरचा प्रवास थोडक्यात आठवू. 1858 चा जन्म. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी आईबापांच्या पाठोपाठ तीर्थामागून तीर्थ पायी तुडवीत वाढली, दुष्काळात आईबाप गमावून बसली. संस्कृत विद्येने 'पंडिता' आणि 'सरस्वती' झाली. बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली, शूद्र मानल्या गेलेल्या वकिलाशी 1880 मध्ये नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोन वर्षांच्या आत विधवा झाली. 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला. 1883 मध्ये इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतरावर पुण्याने जो गहजब केला तो प्रसिद्धच आहे. तेव्हा रमाबाईंच्या बाजूने मराठीत ठामपणे कोण उभे राहिले? जोतीराव फुले. 1885 च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. ज्या बाईने शास्त्रे मुळातून वाचली तिला ती सोडाविशी वाटली, यात जोतीरावांना नवल वाटले नाही. नवल वाटले ते निंदकांचे. आपल्या परंपरेचा रमाबाईंशी असलेला हा पहिला दुवा आपणच विसरलो आहोत.

इंग्लंडमधील धर्मसत्तेशीही रमाबाईंचे जुळले नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही हे बिशपांनी ठरवायला घेतले, तेव्हा या बाईने पत्रांतून सरळ वाद मांडला. ब्राह्मणी शास्त्रांचा जाच नको म्हणून जिने ती सोडली, ती पाद्र्यांचा जाच मुकाट्याने कशी सोसणार? रमाबाईंचा ख्रिस्त आणि रमाबाईंचे चर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही फारकत ध्यानात ठेवल्याखेरीज त्यांचे अमेरिकेवरील लेखन समजत नाही.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. थोडे दिवस राहायचे म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. देशभर हिंडल्या, व्याख्याने दिली, बालशिक्षणाची नवी पद्धत शिकल्या, 1887 मध्ये इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर पुस्तक लिहिले, बोस्टनला मदत मंडळ उभे केले. 1889 च्या आरंभी परतल्या आणि त्याच वर्षी 11 मार्चला मुंबईत शारदासदन उघडले. हे पुस्तक त्याच वर्षीचे.

दोन

पुस्तकाचे नावच मुळी नीट वाचावे. 'लोकस्थिति' हा शब्द आधी आणि 'प्रवासवृत्त' नंतर. आमच्या विद्यार्थ्यांना प्रवासवर्णन म्हणजे डोंगर, बर्फ, पूल आणि पाहुणचार एवढेच शिकविले जाते. रमाबाईंना देखावे दिसत नाहीत असे नाही, पण त्यांचे लक्ष राज्यव्यवस्थेकडे, शाळांकडे, घरांकडे, धर्मपंथांकडे, व्यापारउदीमाकडे आणि सर्वांत अधिक बायकांच्या स्थितीकडे आहे. राजा नसलेला देश कसा चालतो? लोक स्वतःवर स्वतःच कर कसे बसवितात? बायका एकत्र येऊन संस्था कशा काढतात, पैसा कसा जमवितात, सभा कशा चालवितात? हे सारे मराठी माणसाला मराठीत सांगण्याचा तो खटाटोप आहे.

यातील राजकारण उघड आहे. इंग्रजांचे जू झुगारून स्वतंत्र झालेल्या राष्ट्राची वाखाणणी करणारे हे पुस्तक इंग्रजांच्या अमलाखालील वाचकांसाठी लिहिले आहे. रमाबाईंना अमेरिका आवडली, कारण तेथे त्यांना श्रमाला प्रतिष्ठा दिसली, सामान्य माणसाच्या मुलाला शाळा दिसली, बाईला स्वतःचे बोलणे दिसले. शंभर वर्षांपूर्वी वसाहत असलेला देश एवढा पुढे जाऊ शकतो, तर आपण का नाही, हा त्या साऱ्या लेखनामागचा सूर आहे.

पण रमाबाई नुसत्या भाट नाहीत. कोलंबसाच्या आगमनाची गोष्ट सांगताना त्या मूळ रहिवाशांवर झालेल्या क्रौर्याकडे डोळेझाक करीत नाहीत. गुलामगिरी गेली तरी काळ्या माणसाविषयीचा द्वेष गोऱ्या मनातून गेलेला नाही, हे त्यांनी पाहिले आणि लिहिले. बायकांना शिक्षण मिळाले तरी राष्ट्रीय मताधिकार नाही, कामाचा मोबदला पुरुषाइतका नाही, हेही लिहिले. त्या तेथे असतानाच, 1887 मध्ये, मूळ रहिवाशांच्या सामायिक जमिनींचे तुकडे पाडणारा कायदा झाला. त्या परतल्यानंतर सात वर्षांनी, 1896 मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्यांना वेगळे बसविण्याला कायद्याचा आधार दिला. अमेरिकन स्त्रियांना सबंध देशभर मताचा हक्क मिळायला 1920 साल उजाडले. रमाबाईंनी बोट ठेवलेली दुखणी खरी होती, हे पुढच्या इतिहासाने दाखविले.

माझ्या मते या पुस्तकाचे मोल येथे आहे. ज्या राष्ट्राने 'सर्व माणसे समान' असे जाहीर केले त्याला रमाबाई बाहेरचा कोणताही मापदंड लावीत नाहीत. त्याचीच गवाही त्याच्यासमोर ठेवतात. तुम्ही स्वतःला ख्रिस्ती राष्ट्र म्हणविता ना? मग ख्रिस्त ज्यांच्याजवळ बसला, ते तुमच्या पंगतीत कोठे आहेत? ख्रिस्ती दृष्टीचे हे सर्वोत्तम रूप आहे. वैभव मोजताना ती दाराबाहेर उभा असलेला माणूस मोजते.

तीन

मराठी माणसाची अमेरिका रमाबाईंपासून सुरू होत नाही, हेही आपण नोंदविले पाहिजे. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली; त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडविले म्हणून. जोतीराव अमेरिकेला कधी गेले नाहीत. तारुण्यात त्यांनी थॉमस पेन वाचला होता. न पाहिलेल्या देशाची एकच गोष्ट त्यांनी उचलली आणि ती थेट शूद्रातिशूद्रांच्या दास्याशेजारी ठेवली. रमाबाईंनी देश पाहिला, पुष्कळ गोष्टी उचलल्या, आणि त्या प्रामुख्याने बायकांच्या दास्याशेजारी ठेवल्या. एकाचे माप जात, दुसरीचे माप बाई. या दोन मापांची गाठ मराठी विचारविश्वात तेव्हा नीट पडली असती, तर आपला इतिहास वेगळा झाला असता असे मला वाटते.

आणि यवतमाळात बसून हे वाचणाऱ्याला तिसरेही एक माप दिसते. ते कापसाचे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी पेटली, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर साहेबाची नजर खिळली. 1853 पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होताच. भाव आकाशाला भिडले, ज्वारीच्या जागी कपाशी आली, सावकार आले, आगगाड्या आल्या. युद्ध संपताच भाव कोसळले; सावकार मात्र गेला नाही. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला आलेली अरुंद रुळांची आगगाडी, जिला आपले लोक शकुंतला म्हणत, तीही कापसासाठीच आली. आज ती बंद आहे.

म्हणजे तेथे सुमारे 40 लक्ष गुलामांच्या बेड्या तुटत असताना येथे आमच्या आजे-पणज्यांच्या गळ्यात कपाशीची दोरी अडकत होती. अमेरिकेच्या स्वप्नाचा आणि आमच्या मातीचा संबंध हा असा आहे. माझी आई आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचीत आली, बापाने जिनिंगमध्ये हमाली केली. घरातला पहिला पदवीधर मी. ज्याने मिसिसिपीच्या काठी कापूस वेचला त्याची आणि माझ्या आईची बोटे सारखीच सोलवटली, हे मला कोणत्याही ग्रंथाने शिकवावे लागले नाही. पण त्या दोघांच्या बोटांचा हिशेब राष्ट्राच्या स्वप्नात धरला जात नाही, हे समजायला मात्र ग्रंथ वाचावे लागले. रमाबाईंच्या पुस्तकात व्यापारउदीमाची वर्णने येतात, पण मालामागचे हे हात पुरेसे दिसत नाहीत. ही त्या पुस्तकाची पहिली मर्यादा.

चार

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. अमेरिकेत वर्णद्वेष ओळखणाऱ्या रमाबाईंनी मायदेशी परतून जे शारदासदन उघडले, ते उच्चवर्णीय विधवांसाठी. तेथे मुलींना आपापल्या जातीचे सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती. समर्थन काय? त्याशिवाय ब्राह्मण घरांतून विधवा आल्याच नसत्या. हे व्यवहाराला धरून खरे असेल. केशवपन केलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरीचे दुःख कोणी हलके मानू नये. आम्ही तर नाहीच नाही. पण प्रश्न उरतोच. फिलाडेल्फियात काळ्याला शेजारी न बसविणारा गोरा जिला खटकला, तिला पुण्यातील वेगळी चूल का खटकली नाही? की खटकूनही ती तिने चालवून घेतली?

आमच्यातील काही समीक्षक येथे थांबतात आणि निकाल देऊन टाकतात. मी थांबत नाही, कारण रमाबाई येथे थांबल्या नाहीत. 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून रानडे-भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 'केसरी'ने झोड उठविली. ज्यांच्या समाधानासाठी सोवळे सांभाळले, ते हात झटकून निघून गेले. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या, दलालांच्या हाती लागू पाहणाऱ्या पोरीबाळी गोळा करून घेऊन आल्या. दुष्काळ जात विचारून येत नाही. केडगावला मुक्तिसदन उभे राहिले ते नाना जातींच्या बायकांचे. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई, तेलघाणा अशी कामे बायका स्वतः करू लागल्या.

ग्रंथातील समतेपेक्षा दुष्काळातील भाकरीने रमाबाईंची पंगत मोठी केली. 1889 च्या पुस्तकात जे अमेरिकेपुढे मांडले, ते त्यांनी स्वतःच्या अंगणात आणायला दहा वर्षे लावली. आणि आणले तेव्हा महाराष्ट्राच्या सुधारक वर्तुळाने त्यांना जवळजवळ वाळीत टाकलेले होते. 1922 मध्ये त्या गेल्या. त्यांचा पुतळा करून पूजणाऱ्यांनी आणि त्यांना फेटाळणाऱ्यांनी, दोघांनीही हा दहा वर्षांचा प्रवास वाचलेला नाही.

मुक्तिसदनालाही एक कुंपण होते, हे मात्र सांगितले पाहिजे. तेथील बाईला अन्न मिळाले, अक्षर मिळाले, धंदा मिळाला, देव मिळाला. पण ज्या व्यवस्थेने तिला रस्त्यावर आणले तिच्याविरुद्ध उभे राहण्याचे बळ मिळाले काय? दया ही पंगतीत वाढते. पंगत कोणाची, हे ठरविण्याचा अधिकार देत नाही.

पाच

हाच प्रश्न अमेरिकेतील काळ्या ख्रिस्ती माणसाने वेगळ्या रीतीने सोडविला. मार्टिन ल्यूथर किंग यांचे 28 ऑगस्ट 1963 चे वॉशिंग्टनचे भाषण सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्येही ते पाठ म्हटले जाते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते 4 जुलै 1965 चे त्यांचे प्रवचन. ते त्यांनी अटलांटातील आपल्या चर्चमध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी दिले आणि त्याचा विषयच 'अमेरिकन स्वप्न' हा होता.

त्या प्रवचनात किंग भारताची आठवण सांगतात. 1959 मध्ये ते येथे आले होते. त्रिवेंद्रममध्ये पूर्वास्पृश्यांच्या मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतून आलेला आपलाच एक अस्पृश्य बांधव अशी करून दिली. किंग यांना क्षणभर धक्का बसला, राग आला. मग त्यांनी आपल्या देशातील दोन कोटी काळ्या बांधवांचा विचार केला. त्यांच्या वस्त्या, त्यांच्या शाळा, त्यांचे दारिद्र्य. आणि त्यांनी ते विशेषण स्वीकारले. होय, मी अस्पृश्य आहे, आणि अमेरिकेतला प्रत्येक निग्रो अस्पृश्य आहे.

एका राष्ट्राच्या सुखस्वप्नावरचे प्रवचन दुसऱ्या राष्ट्रातील अस्पृश्याचे नाव घेऊन उभे राहते, ही जागतिक विचारातील मोठी घटना आहे. रमाबाई येथून तेथे गेल्या आणि काळ्याचे दुःख पाहून आल्या. किंग तेथून येथे आले आणि अस्पृश्याचे नाव घेऊन गेले. दोघेही ख्रिस्ती. फरक असा की रमाबाई दुःखाच्या साक्षीदार होत्या, किंग दुःखाचे वारसदार होते. साक्षीदार पंगत वाढवितो. वारसदार पंगतीवर हक्क सांगतो. किंग यांनी चर्च हे मोर्चाचे घर केले. बहिष्कार, तुरुंगवास, मतनोंदणी या गोष्टी त्यांनी प्रार्थनेतून बाहेर काढल्या नाहीत, तर प्रार्थना त्यांच्यापर्यंत नेली.

आपल्याकडे डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतले आणि त्यांनी निग्रो साहित्याची ओळख दलित लेखकांना करून दिली. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत लिहिले. 1972 मध्ये मुंबईच्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले. या साऱ्या देवाणघेवाणीत आपण काळ्यांचा संताप घेतला, ते योग्यच झाले. पण त्यांच्या चर्चमधील संघटन आपण फारसे अभ्यासले नाही. धर्म म्हटला की आपण नाक मुरडतो. आणि तरीही 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आपण जे केले ते धर्माच्याच भाषेत केले, हे विसरून कसे चालेल?

सहा

ख्रिस्ती दृष्टीची सर्वांत कडक परीक्षा बाबासाहेबांनी घेतली. 1 जानेवारी 1938 ला सोलापुरात भारतीय ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनीच आपले मन ओढून घेतले असे सांगितले. पण लगेच सवाल केला. तुम्ही शिकलात, नोकऱ्या मिळविल्यात. समाजातील अन्यायाविरुद्ध तुम्ही कधी लढलात काय? दक्षिणेतील चर्चमध्ये जात पाळली जाते, तिचे काय? धर्मांतरित माणसाच्या स्थितीवरील त्यांचा लेख त्यांच्या मरणोत्तर, 1989 मध्ये, शासनाने काढलेल्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात छापला गेला. त्यात त्यांनी मर्मावरच बोट ठेवले आहे. अस्पृश्याला मिशनऱ्याने सांगितले की तुझी अधोगती तुझ्या पापामुळे झाली. मग तो परिस्थितीविरुद्ध बंड कसा करणार? पाप त्याच्या आत शोधले, अन्याय बाहेर राहून गेला.

ही टीका शत्रूची नव्हे. दारापर्यंत जाऊन, आत डोकावून परत फिरलेल्या माणसाची आहे. बाबासाहेबांनी स्वप्न आणि हक्क यांतला भेद केला. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत ते म्हणाले त्याचा आशय असा की, 26 जानेवारीपासून आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकणार आहोत. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. राष्ट्राच्या स्वप्नाचे इतके नेमके परीक्षण त्या सभागृहात दुसऱ्या कोणी केले नाही.

आणि घटना अमलात येऊन सात महिने होण्याच्या आत, 10 ऑगस्ट 1950 ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. 1956 मध्ये शिखांसाठी त्यात दुरुस्ती झाली. बौद्धांसाठी व्हायला 1990 साल यावे लागले. चौतीस वर्षे आपण त्या दाराशी उभे होतो. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजूनही बाहेर आहेत. 1985 मध्ये सूसाई नावाच्या मद्रासच्या चर्मकाराचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सरकारने रस्त्यावरच्या चर्मकारांना टपऱ्या दिल्या, त्याला ख्रिस्ती म्हणून वगळले. न्यायालयाचे म्हणणे असे पडले की नव्या धर्मातही जातीचा जाच तितकाच आहे हे दाखवून द्या. रस्त्याकडेला बसून जोडे शिवणाऱ्याने जाच दाखवायचा म्हणजे आणखी काय दाखवायचे? 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा असे सुचविले. 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. आयोगामागून आयोग येतात. पंगत तेवढीच राहते.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. यवतमाळात मिशन जुने आहे. पांढरकवड्याजवळ उमरीचा मिशन दवाखाना आहे. 1953 पासून 1983 पर्यंत, पुण्याला हलेपर्यंत, देशभरच्या पाद्र्यांना शिकविणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी येथेच होती. माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. रविवारी आईबरोबर प्रार्थनेला जाणारा. दाखल्यावर मात्र धर्म हिंदू. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना त्याने मला विचारले, "सर, देवाला काय सांगू आणि तहसीलला काय सांगू?" मी त्याला उपदेश केला नाही. ज्या राष्ट्रात पोराला शिकण्यासाठी आपली प्रार्थना लपवावी लागते, त्या राष्ट्राचे स्वप्न त्याने कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपल्यातील काही जण म्हणतील, त्यांनी आपल्या वाट्यात वाटेकरी का व्हावे? हा युक्तिवाद मी ओळखतो, कारण 1990 पूर्वी तो आपल्याविरुद्ध वापरला जात होता. वाटा वाढवून मागण्याची लढाई वेगळी, आणि दाराला आतून कडी लावणे वेगळे. जो माणूस तोच धंदा करतो, त्याच वस्तीत राहतो, त्याच आडनावाने ओळखला जातो, त्याची जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन निघाली असे गावच मानीत नाही, तर शासनाने का मानावे?

सात

साहित्याच्या क्षेत्रातही पंगतीचा प्रश्न आहेच. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून ओरड झाली. ज्यांनी आयुष्यभर मराठीत लिहिले, बायबल सुबोध मराठीत आणले, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लढा दिला, त्यांना मराठीपणाचा दाखला द्यावा लागला. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची. मराठी कादंबरीचा उगम सांगताना ती टाळता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वगळून मराठी आत्मचरित्राचा इतिहास लिहिता येत नाही. तरीही ख्रिस्ती लेखक हा मराठीचा पाहुणाच! पाहुणेपणाचा हा अपमान आपल्याला नवा नाही.

पण एक उणीव मराठी ख्रिस्ती साहित्याने स्वतः भरून काढावयाची आहे. त्याचे ठळक आवाज बहुतांशी उच्चवर्णातून आलेल्यांचे किंवा चर्चमध्ये स्थान असलेल्यांचे आहेत. मिशनच्या चाळीत राहणाऱ्या, झाडू मारून पोरे शिकविणाऱ्या, कापूस वेचून रविवारी कोरसमध्ये गाणाऱ्या माणसाचे आत्मकथन कोठे आहे? 'बलुतं'ने जे महारवाड्यासाठी केले ते मिशन कंपाउंडसाठी अजून व्हायचे आहे. ते जेव्हा होईल तेव्हा ते चर्चलाही झोंबेल आणि राष्ट्रालाही. झोंबलेच पाहिजे.

मग रमाबाईंच्या पुस्तकातून आज काय घ्यावे? भक्ती नव्हे, अमेरिकेचे कौतुक तर नव्हेच. आमचे विद्यार्थी संगणकाचा कोर्स करून पुण्याला जातात, त्यांतला एखादा पुढे अमेरिकेला जातो. जावे, जरूर जावे. बाबासाहेबही 1913 मध्ये कोलंबियाला गेले. पण ते गेले तेव्हा डोळे उघडे ठेवून गेले आणि शिदोरी घेऊन परत आले. रमाबाईंकडून घ्यायची ती त्यांची तपासणीची रीत. कोणतेही राष्ट्र आपले वैभव मिरवू लागले की विचारायचे: यात बाई कोठे आहे? मूळचा रहिवासी कोठे आहे? ज्याच्या हाताने माल पिकला तो कोठे आहे? 2017 च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर मेले. विकासाच्या कोणत्या आराखड्यात त्यांची नावे आहेत?

रमाबाईंनी प्रश्न विचारला, पण पंगत वाढायला दुष्काळाची वाट पाहिली. किंग यांनी हक्क मागितला. बाबासाहेबांनी तो कायद्यात लिहिला आणि कायदाही पुरणार नाही असे बजावून ठेवले. या तिघांना एकत्र वाचणे हे आपल्या अभ्यासवर्गांचे काम आहे. वस्तीवस्तीत चालणाऱ्या आपल्या वाचनमंडळांनी रमाबाईंचे हे पुस्तक मिळवावे, 'गुलामगिरी'शेजारी ठेवावे आणि वाचावे. वाचताना मिशनच्या चाळीतल्या पोरांनाही बोलवावे. चर्चा होईल, भांडणही होईल. होऊ द्या. एका पंगतीत बसल्याशिवाय भांडणसुद्धा करता येत नाही.